मातोश्रींच्या फोटोची डावी बाजू

स्कॅनर आला त्या दिवशी नानांनी त्याची पूजा केली. नाना म्हणजे आमच्या प्रेसचे मालक. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यातल्या एका गल्लीत त्यांचा छापखाना होता. उभं आयुष्य त्यांनी शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दशक्रियेची कार्डं छापण्यात घालवलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा खिळ्यांच्या पेट्या मागच्या खोलीत गेल्या आणि पुढच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरसोबत मी आले. मी अमळनेरची. बी.ए. झाल्यावर जळगावला राहून सहा महिन्यांचा डीटीपीचा कोर्स केला होता, आणि आता रोज सकाळच्या एसटीने धुळ्याला यायचे.

पूजेच्या वेळी नानांनी स्कॅनरचं झाकण उघडलं आणि काचेवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

"नाना, काचेवर नको," मी म्हटलं.

"मशीनचं तोंड तेच ना?" ते म्हणाले.

मी फडकं घेतलं. कुंकू पुसलं, पण त्यातला थोडा ओलावा कडेच्या फटीतून काचेखाली गेला. पुढे तीन आठवडे आम्ही जे जे स्कॅन करू त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका येत होता. दाखला असो, नकाशा असो, नवरदेवाचा फोटो असो. तो ठिपका मी रोज सॉफ्टवेअरमध्ये पुसायचे. कोर्समध्ये आम्हाला फक्त मजकूर जुळवायला शिकवलं होतं. फोटो दुरुस्त करायला मी त्या ठिपक्यामुळे शिकले.

सॉफ्टवेअरमध्ये शिक्क्याचं एक चित्र होतं. त्यावर क्लिक करायचं, फोटोतला चांगला भाग उचलायचा आणि खराब भागावर उमटवायचा. गालावर ओरखडा असेल तर शेजारचाच गाल त्यावर ठेवायचा. चुकलं तर एकच पाऊल मागे जाता यायचं. दोनदा चुकलं तर पहिली चूक कायमची. मोठा फोटो उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा येऊन, पिऊन, कप परत जायचे.

फाइलला नाव आठ अक्षरांतच द्यावं लागे, तेही इंग्रजीत. त्यामुळे कोणाचा फोटो कुठे आहे हे महिन्याभराने मलाच कळेना. मग नानांनी एक जाड रजिस्टर घातलं. डावीकडे फाइलचं नाव, उजवीकडे त्यांच्या वळणदार अक्षरात वर्णन. "कै. वडील, टोपी वाढवली." "नवरदेव, चष्मा काढला." "सातबारा, डाग पुसला, आकडे पुसले नाहीत." हे शेवटचं ते मुद्दाम लिहीत. दाखल्यातली जन्मतारीख किंवा उताऱ्यातला आकडा बदलून द्या म्हणणारी माणसंही येत. नाना त्यांना पाणी देत आणि परत पाठवत.

पावसाळा संपल्यावर एक भाऊ-बहीण आले. भाऊ पस्तिशीचा, प्राथमिक शाळेत गुरुजी. धुळ्यातच, देवपूरला त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि पंधरा दिवसांवर वास्तुशांत होती. बहीण त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, अमळनेरला दिलेली. गुरुजी तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. त्यांचं मूळ गाव नरडाण्याच्या बाजूला. वडील, म्हणजे आबा, अजून गावीच राहून शेती बघत होते.

गुरुजींनी पिशवीतून पुठ्ठ्यात बांधलेला एक फोटो काढला. गावात पहिलं ऑइल इंजिन आलं तेव्हाचा. मधोमध इंजिन, त्याला हार घातलेला. आजूबाजूला फेटेवाले, टोपीवाले पुरुष. आणि अगदी उजव्या कडेला, अर्ध्या भिंतीआड, एक बाई. तिचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, त्यातलाही अर्धाच. डाव्या बाजूवर पदर ओढलेला होता आणि पदराची कड तिने बोटांत घट्ट धरली होती.

"ही आमची आई," गुरुजी म्हणाले. "एवढाच एक फोटो आहे. मी दोन वर्षांचा होतो तेव्हा ती गेली. मला काहीच आठवत नाही. नव्या घरात भिंतीवर लावायचाय, मोठा करून. पूर्ण चेहरा हवा."

"पदराखालचा चेहरा फोटोत नाहीये," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरमध्ये निघत नाही का?"

बऱ्याच लोकांना तेव्हा तसं वाटायचं, की पदर बाजूला केला की खाली चेहरा असेलच. मी त्यांना समजावलं, की उजवी बाजू उलटी करून डावीकडे जोडता येईल. माणसाचे दोन्ही गाल साधारण सारखेच असतात.

"मग तसं करा," गुरुजी म्हणाले. त्यांनी अक्काकडे बघितलं. अक्का फोटोकडे बघत होती.

"करा," ती म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या करा."

मला आठ दिवस लागले. इंजिन, फेटे, भिंत सगळं कापून टाकलं. चेहरा मोठा केल्यावर त्यावर बारीक ठिपकेच ठिपके दिसायला लागले. जुन्या फोटोंवर धूळ बसते, बुरशी येते. मी शिक्का घेऊन एकेक ठिपका पुसला. गाल अगदी गुळगुळीत झाला. मग उजवा अर्धा भाग उलटा करून डावीकडे चिकटवला, मधला सांधा पुसट केला. एक तरुण बाई दोन्ही डोळ्यांनी सरळ माझ्याकडे बघायला लागली. मला बरं वाटलं. नानांनी येऊन बघितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, "मातोश्री."

भाऊ-बहीण बघायला आले. गुरुजी स्क्रीनपुढे बसले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"गोंदण एकच होतं," अक्का मागून म्हणाली.

आईच्या उजव्या गालावर गोंदणाचा ठिपका होता. बाजू उलटी केल्यामुळे डाव्या गालावरही एक आला होता.

"दोन छान दिसतात," गुरुजी म्हणाले.

"एकच होतं. आणि डाव्या नाकपुडीत फुली होती. चांदीची."

मी डावं गोंदण पुसलं आणि नाकपुडीत फुली रंगवली. अक्का वाकून बघत होती. फुली थोडी वर घ्या, थोडी आत घ्या, असं तिने तीनदा सांगितलं. नवव्या वर्षी आई गेलेल्या मुलीला एवढं बारीक आठवतं, याचं मला नवल वाटलं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "काही काही आठवतं."

प्रिंट काढून गुरुजी घेऊन गेले. जाताना त्यांनी नानांचे हात धरले. नाना अवघडले आणि त्यांनी मला चहा सांगायला लावला, गिऱ्हाईक निघून गेल्यावर.

पाच-सहा दिवसांनी भर दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, बंडी, पांढरी टोपी, हातात छत्री. आमच्या प्रेसचं पाकीट त्यांनी पत्त्यासाठी सोबत आणलं होतं. ते आबा होते. गुरुजींनी फोटो दाखवायला गावी नेला होता, आणि तो बघून हे दुसऱ्याच दिवशी कोणालाही न सांगता एसटीत बसले होते.

नानांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आबा पाणी प्याले, त्यांनी मिशा पुसल्या आणि पाकिटावर बोट ठेवून मला विचारलं, "हाऊ फोटू तूच कया का, बेटा?"

आमच्या घरी अहिराणीच बोलतात, त्यामुळे मला काही अडचण नव्हती. हो, मीच केला, असं मी म्हटलं. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"मंग हाऊ दुसरा डोया कोठेन उना?"

दुसरा डोळा कुठून आला, असं ते विचारत होते. मी त्यांना उजवी बाजू, डावी बाजू, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिना डावा डोया नव्हता," ते म्हणाले. "धाकली व्हती तव्हय देवी उन्यात, त्यामा गया."

लहानपणी देवी आल्या, त्यात डोळा गेला. म्हणून ती जन्मभर डाव्या बाजूवर पदर ठेवायची. मग मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. चेहऱ्यावरचे जे ठिपके मी धूळ समजून आठ दिवस पुसत होते, ते देवीचे व्रण होते.

मी आबांना तेही सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण लपवावंसं वाटलं नाही. आबा म्हणाले, "मंग तरीच. माले वाटनं, हाई इतली गोरी कशी व्हयनी."

नाना उठून उभे राहिले. छपाईत चूक झाली की शुद्धिपत्र द्यायचं असतं, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. "आबा, आम्ही दुसरा काढून देतो," ते म्हणाले. "भिंतीवर तोच लावा."

"नको. तो ऱ्हाऊ द्या." आबांनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली. "पोरेसले माहित नई. पोऱ्या दोन वरीसना व्हता. त्याले कोनी सांगं नई. मी बी नई."

"मग?" मी विचारलं.

"माले एक धाकला काढी दे. जशी व्हती तशी."

पहिला स्कॅन मी ठेवला होता, तेवढं एक बरं झालं. तो पुन्हा उघडला, उजवी बाजू पुन्हा डावीकडे जोडली, जादाचं गोंदण पुसलं आणि फुली बसवली. व्रण आपोआप परत आले, कारण ते मुळातच तिथे होते. डोळ्याचं मात्र अवघड होतं. मी खुर्ची सरकवून आबांना शेजारी बसवलं.

आधी मी डोळा मिटलेला दाखवला.

"मिटेल नव्हता," ते म्हणाले.

मग पापणी अर्धी उचलली आणि आत पांढरं भरलं.

"इतला नई. खाले जरासा."

दोन तास आम्ही ते करत होतो. तोवर माझं सगळं काम माणसांना देखणं करण्याचं होतं. ओरखडे काढायचे, सुरकुत्या काढायच्या, एकाला तर मी कोटही घातला होता. उलट दिशेने काम करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते जास्त कठीण निघालं. सुंदर डोळा कोणाचाही चालतो. हा एकाच माणसाचा हवा होता आणि तो फक्त शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला माहीत होता. ते स्क्रीनवर बोट टेकवून दाखवत, आणि बोट उचललं की तिथे बोटाचा ठसा राहायचा. मी तो फडक्याने पुसायचे आणि पुढे जायचे.

एकदा त्यांचं बोट बराच वेळ स्क्रीनकडे आलंच नाही. मला वाटलं, डुलकी लागली. मी वळून बघितलं तर ते जागे होते.

"आते बराबर," ते म्हणाले.

फोटो त्यांनी एसटीच्या पासाएवढा काढून घेतला. मी दोन काढते म्हटलं तर नको म्हणाले. बंडीच्या आतल्या खिशात एक कापडी बटवा होता, त्यात त्यांनी तो ठेवला. निघताना नानांनी पुन्हा भिंतीवर लावायच्या फोटोचा विषय काढला.

"भिंतवरली त्यानी माय शे," आबा म्हणाले. "हाई मनी बायको शे. पोऱ्याले सांगू नका."

भिंतीवरची त्याची आई, बटव्यातली माझी बायको, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सांगणार नाही म्हटलं. ते गेल्यावर नानांनी रजिस्टर उघडलं. आता दोन फाइली झाल्या होत्या, गोंधळ व्हायला नको. त्यांनी आधीच्या नोंदीपुढे कंसात "दोन डोळे" असं लिहिलं आणि खाली नवी नोंद केली. "मातोश्री (एक डोळा)."

वास्तुशांतीला आम्हाला आमंत्रण होतं. मी आणि नाना गेलो. दर्शनी भिंतीवर फोटो लावला होता, मोठ्या फ्रेममध्ये, झेंडूचा हार घातलेला. गुरुजी प्रत्येक पाहुण्याला तिथे नेत आणि मला पुढे करून सांगत, "या ताईंनी केला." पाहुणे एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. आबा समोरच्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मीही त्यांना कधी न भेटल्यासारखा नमस्कार केला. जेवायला वरणबट्टी होती, घोटलेली वांग्याची भाजी होती. नानांनी तीन बट्ट्या खाल्ल्या.

संक्रांतीच्या सुमाराला अक्का एकटी आली. तिला तिच्या अमळनेरच्या घरासाठी त्याच फोटोची एक प्रत हवी होती. मी फाइलचं नाव बघायला रजिस्टर उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. फोन मागच्या खोलीत होता. मी परत आले तेव्हा अक्काने रजिस्टर स्वतःकडे वळवून घेतलं होतं. तिचं बोट नानांच्या सुवाच्य अक्षरावर होतं.

"हे 'एक डोळा' कोणी करून घेतलं?" तिने विचारलं.

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं.

"आबा आले होते."

हा प्रश्न नव्हता. ती स्टुलावर बसली. "दाखवा," म्हणाली. मी दाखवलं. फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी केस, मग कपाळ, मग कुंकू, मग डोळे. अक्का हलली नाही.

"अशीच होती," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ वर्षांची होते मी. घरात पुरुषमाणूस नसला की तिचा पदर खांद्यावर असायचा. डावीकडून हाक मारली की सगळी मान वळवायची. मी मुद्दाम डावीकडून हाक मारायचे. लहान होते ना." तिने पर्स मांडीवर घेतली. "मारायची नाही मला. नुसती मान वळवायची."

"मग तेव्हा सांगितलं का नाही? मी दोन डोळे काढत होते तेव्हा?"

"भाऊ शाळेत होता तेव्हा त्याने मला विचारलं होतं, अक्का, आई दिसायला कशी होती? मी म्हटलं, छान होती. तेवढंच सांगितलं. मग दर वेळी तेवढंच. आता तो पस्तीस वर्षांचा झाला, घर बांधलं, आता काय सांगू?"

तिने मोठी प्रत घेतलीच नाही. एक डोळ्याच्या फोटोचीच एक लहान घेतली, आबांच्या फोटोएवढी, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"आबांना वाटतं आम्हाला माहीत नाही," जाताना ती म्हणाली. "वाटू द्या. त्यांना सांगू नका."

म्हणजे आता मला आबांचं गुरुजींना सांगायचं नव्हतं आणि अक्काचं आबांना सांगायचं नव्हतं. नानांना सगळंच माहीत होतं, पण ते कोणाला काही सांगत नसत. त्यांनी रजिस्टर मात्र त्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये ठेवायला सुरुवात केली.

गुरुजींना ते कळलं ते दुसऱ्याच माणसाकडून. उन्हाळ्यात गावी एका लग्नाला गेले होते. तिथे जवळजवळ नव्वदीच्या एका आजीबाईंनी त्यांना जवळ बोलावून तोंडावरून हात फिरवला आणि चारचौघांत म्हणाल्या, त्या एकडोळीचा ना तू? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गावात सगळे तिला तसंच म्हणत असत.

गुरुजी त्या सोमवारी शाळा सुटल्यावर थेट प्रेसमध्ये आले. रागावलेले नव्हते. दमलेले दिसत होते.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "नंतर कळलं."

"मी आबांना विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाही. ते म्हणाले, तू विचारलं नाहीस."

"आणि अक्का?" नानांनी विचारलं.

"अक्का रडली. मग तिने पर्समधून फोटो काढला. मग आबांनी बटव्यातून काढला. मी मधे बसलो होतो." गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, आपण इथे येऊन मोठ्या स्क्रीनवर बघावं."

मी एक डोळ्याची फाइल उघडली. ते खुर्ची ओढून अगदी पुढे बसले. नानांनी मला खूण केली आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. नाना उगाचच खिळ्यांच्या पेट्यांवरची धूळ झटकत राहिले. मी काहीच केलं नाही. बऱ्याच वेळाने गुरुजींनी हाक मारली.

"भिंतीवरचा तसाच ठेवतो," ते म्हणाले. "बायकोला, मुलांना सवय झालीय. माझा मुलगा रोज शाळेत जाताना पाया पडतो." मग स्क्रीनकडेच बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही हा चेहरा इतके दिवस जवळून बघितलात. मी तिच्यासारखा दिसतो का? खरं सांगा. घरातले सगळे हो म्हणतात, पण ते म्हणणारच."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग स्क्रीनकडे बघितलं. नाक त्यांचं आबांचं होतं, कपाळाचं सांगता येत नव्हतं. मी फोटो खाली सरकवला आणि तोंडाचा भाग मोठा केला. वरचा ओठ उजव्या कोपऱ्यात किंचित उचललेला होता. गुरुजी बोलायच्या आधी त्यांचाही तसाच उचलला जायचा.

"ओठ तुमचे तिचे आहेत," मी म्हटलं. "या फोटोत उजव्या बाजूला मी हात लावलेला नाही. ती जशी होती तशीच आहे."

गुरुजींनी बोटाने ओठाचा कोपरा चाचपून बघितला. मग चष्मा लावला, नानांना नमस्कार केला आणि सायकल काढून देवपूरकडे गेले.